कामगाराचा फंड : कारखान्याच्या देण्यात पहिला मान कोणाचा?



वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल घरी आला की आपण काय पाहतो, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. आधी फोटो पाहतो. मग ऊसदराचा आकडा कोठे आहे तो शोधतो. डिव्हिडंड आहे की नाही ते बघतो, आणि पुस्तक फळीवर ठेवून देतो. ताळेबंदातील देण्याच्या बाजूला बारीक अक्षरात एक ओळ असते, 'भविष्य निर्वाह निधी देणे'. कोठे तिच्याखालीच दुसरी असते, 'ग्रॅच्युइटी देणे'. त्या ओळींवर आपले बोट फारसे थांबत नाही. मागे एका सभेत एका सभासदाने उठून ती ओळ वाचली, तर शेजारचा म्हणाला, "कामगारायच्या फंडाचं आपल्याला काय? तुम्ही दराचं इचारा की!"

त्या शेजाऱ्याला उत्तर द्यावे म्हणून हा लेख लिहीत आहे. पण त्याआधी एक प्रसंग सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात पूर्णा स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलो होतो. एक म्हातारा गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी जवळ येऊन म्हणाला, "भाऊ, तुम्ही टाईम हापिसात व्हते ना?" मी होतो. नोकरीच्या सुरुवातीला चार हंगाम एका दुसऱ्या कारखान्याच्या टाईम ऑफिसात मी मस्टर लिहिले आहे. तो कारखाना पुढे बंद पडला, बँकेचे सील लागले. हे मामा तेथे पॅन हाऊसला होते. हंगामी. सव्वीस हंगाम केले त्यांनी. पाकाचा तार बोटावर ओढून दाणा कधी धरेल ते सांगणारा माणूस. आता लेकीकडे पूर्णेला राहतात.

पूर्णा हे रेल्वेचे गाव. मामांच्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक फिटर राहतात. त्यांची पेन्शन महिन्याच्या महिन्याला बँकेत पडते. मामा म्हणाले, "त्यो बी फिटर, आमचा बी फिटर. त्याला पेन्शन अन् आमाला कामून न्हाई? आमचा फंड तर बँकेनंच नेला म्हणत्यात. अन् हंगामीला पेन्शनच नसती म्हणं."

या दोन वाक्यांत दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. फंड बँकेला नेता येत नाही, आणि हंगामीला पेन्शन असते. पण मामांना हे तीन वर्षे कोणी सांगितले नव्हते. त्यांचे वय एकसष्ट. पेन्शनचे वय अठ्ठावन्नला लागते.

रेल्वेवाल्याची पेन्शन सरकार देते. त्यातही २००४ पासून लागलेल्यांची गोष्ट निराळी आहे, पण तो विषय वेगळा. खाजगी आणि सहकारी कारखान्यातील कामगाराला सरकारी तिजोरी नाही. त्याच्या म्हातारपणाची सोय त्याच्या स्वतःच्या पगारातून आणि मालकाच्या वाट्यातून होते. आणि मालकाने ती बुडवू नये म्हणून कायदा मध्ये उभा आहे. आता सहकारी कारखान्यात मालक कोण? बंधूंनो, मालक आपण आहोत. शेअर सर्टिफिकेट ट्रंकेत जपून ठेवलेले आहे ते त्याचेच.

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. सुरुवातीला तो सहाच उद्योगांना लागू होता. सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. साखर १९५६ मध्ये त्यात आली. प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना उभा राहून तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. पुढे १९७१ मध्ये कुटुंब पेन्शन आली, १९७६ मध्ये ठेवीशी जोडलेला विमा आला, आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून कुटुंब पेन्शनच्या जागी कर्मचारी पेन्शन योजना आली. तिलाच लोक 'ईपीएस पंच्याण्णव' म्हणतात.

पैसा कसा साठतो ते एका उदाहरणाने पाहू. कामगाराचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये आहे असे धरा. त्याच्या पगारातून १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. कारखाना आपल्या खिशातून तेवढेच १,८०० घालतो. कारखान्याच्या वाट्यातील ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे १,२५० रुपये, पेन्शनच्या खात्यात जातात. उरलेले साडेपाचशे कामगाराच्या फंडात. केंद्र सरकार पेन्शन खात्यात वरून १.१६ टक्का घालते. हे सगळे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावे लागते. पेन्शनसाठी पगार १५,००० पर्यंतच धरतात, ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची आहे. त्याआधी ती ६,५०० होती.

आता हंगामी कामगाराकडे वळतो. आपल्या धंद्यात तोच निम्मा गाडा ओढतो आणि त्याचीच सगळ्यात जास्त दिशाभूल होते.

हंगाम संपला, बॉयलर थंड झाला, की हंगामी माणूस घरी जातो. बिगरहंगामात त्याला रिटेनिंग अलाउन्स मिळतो, म्हणजे पुढच्या हंगामाला आपल्याकडेच परत यावे म्हणून दिलेला भत्ता. कित्येकांची समजूत अशी की हा भत्ता पगार नाही, म्हणून त्यावर फंड नाही. ही समजूत साफ चूक आहे. फंडाच्या कायद्यात वर्गणी कशावर धरायची ते सांगताना मूळ वेतन, महागाई भत्ता आणि रिटेनिंग अलाउन्स अशी तिन्ही नावे लिहून ठेवली आहेत. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आपल्यासारखेच कारखाने असणार, नाहीतर हा शब्द तेथे येण्याचे कारण नव्हते.

पेन्शनमध्ये तर हंगामी माणसाच्या बाजूने कायद्याने फार मोठे मन दाखवले आहे. पेन्शनला किमान दहा वर्षांची नोकरी लागते. हंगामी कामगाराने वर्षात पाचच महिने काम केले, तरी पेन्शन योजनेत ते पूर्ण वर्ष धरले जाते. दहा हंगाम म्हणजे दहा वर्षे. मामांचे सव्वीस हंगाम म्हणजे सव्वीस वर्षे, आणि वीस वर्षे भरली की योजना वर दोन वर्षे बोनस म्हणून धरते. हे स्टेशनच्या बाकावर सांगितले तेव्हा मामा बोटांवर मोजू लागले. मध्येच थांबून म्हणाले, "एका साली मी आजारी व्हतो, ते धरून की सोडून?" हिशेबी माणूस!

हिशेबाची रीत अशी. शेवटच्या साठ महिन्यांचा सरासरी पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे भागिले सत्तर. १,५०,००० ला ७० ने भागले की २,१४२ रुपये आणि काही पैसे येतात. म्हणजे २०१४ नंतर लागलेल्या आणि १५,००० च्या मर्यादेवर दहा वर्षे भरलेल्या माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी महिना एवढी पेन्शन बसते. ज्यांची नोकरी २०१४ च्या आधीची आणि नंतरची अशी दोन्हीकडे आहे त्यांचा हिशेब दोन तुकड्यांत होतो. आधीची वर्षे ६,५०० वर, नंतरची १५,००० वर. म्हणून जुन्या माणसांची पेन्शन ऐकली की लोक हसतात.

हसण्यासारखे त्यात काही नाही. किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. हजार रुपयांत आज नवरा-बायकोचे औषधसुद्धा येत नाही. बुलढाण्याला पेन्शनर मंडळींनी कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली २४ डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषण धरले, ते वर्षानुवर्षे चालले. त्यात साखर कारखान्यातून निवृत्त झालेली माणसेही बसली. पूर्ण पगारावर पेन्शन मिळावी यासाठी देशभर खटले झाले आणि सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल दिला. २०१४ च्या दुरुस्त्या कायम राहिल्या, पण मुदतीत पर्याय देता न आलेल्या पात्र लोकांना अर्ज करायला आणखी चार महिने मिळाले. जे कामगार ज्यादा पगारावर फंड भरत होते त्यांनाच याचा उपयोग झाला.

ग्रॅच्युइटीचे प्रकरण निराळे. हा कायदा १९७२ चा. पाच वर्षे सलग नोकरी झालेल्या कामगाराला निवृत्तीच्या वेळी दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. महिन्याचे दिवस तीस धरायचे की सव्वीस, यावरून मालकांनी बरेच वाद घातले. गुजरातेतील दिग्विजय वुलन मिल्सच्या खटल्यात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सव्वीसचा हिशेब योग्य ठरवला, आणि तोच कायद्यातही लिहिला गेला. शेवटचा पगार २६,००० असेल, तीस वर्षे झाली असतील, तर रोजचा हजार, गुणिले पंधरा, गुणिले तीस. साडेचार लाख रुपये.

हंगामी कामगाराला पंधराऐवजी हंगामामागे सात दिवसांचा पगार. वरच्याच पगारावर तीस हंगामांचे दोन लाख दहा हजार होतात. कारखाना जेवढे दिवस चालला त्याच्या पाऊणपट दिवस हजर असला की तो हंगाम सलग धरला जातो. म्हणून मस्टरचे महत्त्व. मी मस्टर लिहीत होतो तेव्हा एखाद्या दिवशी खाडा लागला तर माणसे येऊन भांडत. तेव्हा कंटाळा येई. आज कळते की ती माणसे वीस वर्षांनंतरच्या पैशासाठी भांडत होती.

ग्रॅच्युइटी निवृत्तीनंतर तीस दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याज लागते. जास्तीत जास्त मर्यादा २९ मार्च २०१८ पासून वीस लाख. कारखाना देत नसेल तर कामगार खात्यातील नियंत्रक अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. त्यांनी आदेश दिला आणि तरीही पैसे आले नाहीत, तर जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करतात.

येथे एक फरक नीट ध्यानात घ्या. ग्रॅच्युइटी महसुलासारखी वसूल होते, पण कारखान्याच्या मालमत्तेवर फंडाच्या देण्याएवढा पहिला हक्क तिला दिलेला नाही. फंडाला तो आहे, आणि लेखाचा खरा मुद्दा आता येतो.

कारखाना अडचणीत आला की दारात रांग लागते. राज्य बँक किंवा जिल्हा बँक उभी राहते, कारण गोदामातील साखर तिच्याकडे तारण आहे. साखरेच्या पोत्यांवर बँकेचे कुलूप असते, हे आपल्याला माहीतच आहे. ऊस पुरवणारा सभासद उभा राहतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत त्याचे बिल द्यायला हवे, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. वाहतूकदार, बारदान्याचा व्यापारी, वीज मंडळ, सगळे उभे. आणि रांगेच्या शेवटी, टोपी हातात धरून, कामगार.

कायद्याने त्या कामगाराला हाताला धरून रांगेच्या पुढे आणले. १९७३ च्या दुरुस्तीने सांगितले की कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम मालकाने सहा महिन्यांहून जास्त थकवली तर तो कारखान्याच्या मालमत्तेवरील पहिला बोजा आहे. १९८८ मध्ये मालकाचा वाटाही त्यात घेतला. बोजा हा शब्द शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा बोजा असला की काय होते ते सर्वांना माहीत आहे. येथे तो सर्वात वरचा.

पण कागदावर असणे वेगळे. बँकांनी विचारले, तारण ठेवलेली साखर तर आमच्या ताब्यात आहे, तिच्यावर तुमचा फंड कसा चढतो? महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचा हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सहकारी साखर कारखान्यांनी बँकेकडे गहाण टाकलेली साखर भविष्य निधी कार्यालयाने थकबाकीपोटी वसुलीला धरली होती. ८ ऑक्टोबर २००९ रोजी निकाल लागला. न्यायालयाने बँकेचे म्हणणे मान्य केले नाही. फंडाचे देणे इतर सर्व देण्यांच्या आधी, तारणाच्या कर्जाच्याही आधी. आणि केवळ मुद्दल नव्हे, उशिराबद्दलचे व्याज आणि नुकसानभरपाईही त्याच पहिल्या हक्कात बसते, असे न्यायालयाने सांगितले.

बँकांच्या हाती सरफेसी कायदाही होता. त्यात २०२० पासून नोंदलेल्या तारणदाराला प्राधान्य देणारे कलम लागू झाले, तेव्हा वाद पुन्हा उकरून निघाला. जळगाव जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये परत तेच सांगितले, की भविष्य निर्वाह निधीचे देणे आधी, बँक नंतर. तोही खटला बंद पडलेल्या साखर कारखान्याचाच होता. आपल्या राज्यातील बंद कारखान्यांनी सबंध देशाच्या कामगारांना हा कायदा स्पष्ट करून दिला, असे म्हणायला हरकत नाही. अभिमानाची गोष्ट म्हणावी की लाजेची, ते ज्याचे त्याने ठरवावे.

कारखाना विकला, किंवा भाडेतत्त्वावर चालवायला दिला, तरी फंडाची थकबाकी सुटत नाही. देणारा आणि घेणारा दोघेही हस्तांतराच्या तारखेपर्यंतच्या देण्याला जबाबदार. घेणाऱ्याची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपर्यंत. कारखाना भाड्याने देण्याचा ठराव सभेपुढे आला की भाडे किती याचीच चर्चा होते. फंड किती थकला आहे आणि तो कोण भरणार, हे करारात लिहिले आहे का, एवढे एक वाक्य कोणीतरी उठून विचारायला हवे.

आता त्या शेजाऱ्याचा प्रश्न. कामगारांच्या फंडाचे आपल्याला काय?

हिशेब मांडू. समजा कारखान्यात पाचशे कामगार आहेत आणि सोयीसाठी प्रत्येकाचा पगार १५,००० धरला. दोन्ही वाटे मिळून माणशी ३,६००. महिन्याला अठरा लाख, वर्षाला दोन कोटी सोळा लाख. कारखान्याचे गाळप चार लाख टन असेल तर हे टनामागे चोपन्न रुपये झाले. चेअरमन आणि कार्यकारी संचालकांनी विचार केला की यंदा फंड मागे ठेवू आणि चोपन्न रुपये दरात टाकू, सभासद खूश होतील, सभेत टाळ्या पडतील. असा विचार कोठे होतच नाही असे मी म्हणणार नाही. पण त्या दोन कोटी सोळा लाखांतले अर्धे पैसे कारखान्याचे नाहीतच. ते कामगाराच्या पगारातून कापलेले आहेत.

ही रक्कम वर्षभर थकली तर बारा टक्के दराने जवळजवळ सव्वीस लाख व्याज. वर नुकसानभरपाई. जून २०२४ पासून तिचा दर महिन्याला एक टक्का झाला, आधी तो मुदतीप्रमाणे वर्षाला पाचपासून पंचवीस टक्क्यांपर्यंत चढत असे. म्हणजे आणखी सव्वीस लाख. एकूण बावन्न लाखांच्या आसपास, टनाला तेरा रुपये. घेतले चोपन्न, परत द्यायचे सदुसष्ट. आणि ते बँकेच्या आधी, आपल्या ऊस बिलाच्या आधी. फंडाचा अधिकारी बँक खाते गोठवून गेला की त्या खात्यातून निघणारे उसाचे पेमेंट थांबते, मग शेतकी खात्याच्या दारात आपणच जाऊन बसतो.

कापलेला पैसा न भरणे हा नुसता दिवाणी मामला नाही. भारतीय दंड विधानात तो फौजदारी विश्वासघात धरला होता. १ जुलै २०२४ पासून दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही ही तरतूद कायम आहे. संचालक मंडळात निवडून आलेल्या आपल्या भावकीतील माणसालाही हे माहीत असलेले बरे.

ठेकेदाराकडील माणसांबद्दल थोडे. गव्हाणीवर, गोदामात पोती रचायला, बगॅसच्या यार्डात आजकाल ठेकेदाराची माणसे असतात. "त्यांचे ठेकेदार बघेल" असे उत्तर मिळते. कायदा तसे म्हणत नाही. ठेकेदाराने फंड भरला नाही तर मुख्य मालक म्हणून कारखान्याने भरायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायचा. ठेकेदाराचे शेवटचे बिल चुकते करण्याआधी चलन मागण्याची शिस्त असली की हा प्रश्न उद्भवत नाही.

फडातला ऊसतोड मजूर मात्र या सगळ्याच्या बाहेर राहिला आहे. तो मुकादमाचा, मुकादम ठेक्याचा. आपल्या उसाला पहिला कोयता लावणाऱ्या माणसाच्या म्हातारपणाला फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. त्याच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने राज्याचे महामंडळ झाले आहे, पण म्हातारपणाच्या पेन्शनचे काम ते महामंडळ करत नाही. हा विषय एका परिच्छेदात संपणारा नाही, पुढे कधी तरी.

कायद्यातील ताजा बदल सांगून टाकतो. केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अंमलात आणल्या. फंड आणि ग्रॅच्युइटीचे जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिच्यात सामावून घेतले आहेत. हंगामीचे सात दिवस तेथेही आहेत. ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला आता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी बसते. निरनिराळे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग पगारातच धरायचा, म्हणजे मूळ पगार लहान दाखवून फंड वाचवण्याची युक्ती आता चालणार नाही. एक गोष्ट मात्र कामगाराने जागे होऊन ऐकावी. थकबाकीची चौकशी सुरू करायला जुन्या कायद्यात मुदत नव्हती. नव्या संहितेत ती पाच वर्षांची आहे. "बघू पुढच्या हंगामात" म्हणत बसलेल्याचे त्यात नुकसान होईल.

मुदत पाळायची तर आधी थकले आहे हे कळायला हवे. कापलेला पैसा भरला की नाही हे पाहायला आता कोणाच्या पाया पडावे लागत नाही. प्रत्येकाला यूएएन नंबर आहे, मोबाईलवर पासबुक दिसते, महिन्याच्या महिन्याला. घरातील पोरगा दोन मिनिटांत दाखवतो. आपली मुले, पुतणे, जावई कारखान्यात आहेत, त्यांचे पासबुक घरच्या घरी पाहा. एखादा महिना कोरा दिसला तर तो ताळेबंद छापून यायच्या आधीच आपल्याला समजलेला असतो. वारसाचे नाव भरले आहे का तेही त्याच बैठकीत पाहून घ्या. चालू नोकरीत माणूस गेला तर विम्याचे सात लाखांपर्यंत मिळतात, विधवेला पेन्शन मिळते, पण नामनिर्देशन कोरे असले की ती बाई कार्यालयाच्या पायऱ्या झिजवते.

मामांची अडचण शेवटी कायद्याची निघालीच नाही. गाडी तासभर उशिरा होती, म्हणून त्यांच्या लेकीकडे गेलो. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. जुन्या पगारपत्रिका, फंडाच्या दोन वार्षिक स्लिपा, एका हंगामाचा गेटपास, सगळे जपलेले. पण आमच्या मस्टरवर त्यांचे नाव एका तऱ्हेने होते आणि आधारकार्डावर दुसऱ्या. वडिलांच्या नावातले एक अक्षर इकडचे तिकडे. जन्मतारीखही आम्ही त्या काळी अंदाजाने १ जून लिहीत असू. अर्धा कारखाना १ जूनला जन्मलेला. त्यातील काही नावे माझ्याच हाताची होती, हे मी मामांना सांगितले. ते हसले. म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं व्हतं पण."

मग बसून कागद लावले. शाळा सोडल्याचा दाखला, आधारची झेरॉक्स, बँक पासबुकाची झेरॉक्स, नवरा-बायकोचा फोटो. नाव आणि जन्मतारीख दुरुस्तीचा जोड अर्ज आधी, त्यानंतर पेन्शनचा १०-डी फॉर्म. कारखाना बंद असल्यामुळे मालकाची सही कोठून आणायची हा प्रश्न होता. त्यासाठी जुन्या स्लिपा आणि पगारपत्रिका जोडून भविष्य निधी कार्यालयालाच अर्ज लिहिला, की मालक उपलब्ध नाही, आपल्या दप्तरावरून खातरजमा करावी. अठ्ठावन्न पूर्ण झाल्या दिवसापासूनची पेन्शन मागितली. फंडाची जी रक्कम कारखान्याने भरलीच नाही असे वाटत होते, तिच्या चौकशीचा अर्ज वेगळा केला.

मामी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. फॉर्मवर वारसाच्या रकान्यात त्यांचे नाव लिहायला लागलो तेव्हा त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "माझं नाव आधारवर बगून लिवा हं भाऊ, न्हाई तर पुन्हा तेच व्हायचं." आधारकार्ड समोर ठेवून एकेक अक्षर लावून लिहिले. तोवर माझी गाडी निघून गेली होती.